मानवी कठडा (प्रायोगिक)

मदत करणं अवघड असतं आणि मदत घेणं त्याहून अवघड असतं. म्हणून पहिल्या कामासाठी कार्यालय लागतं आणि दुसऱ्यासाठी रांग. या दोन्ही सोयी ज्या वस्तीला एकाच काचेच्या दाराआड मिळतात, तिने नशिबाला बोल लावू नये.

इस्त्रीवालीच्या वस्तीला त्या मिळाल्या होत्या. तिच्या इमारतीसमोरच्या कोपऱ्यावर, पूर्वी जिथे रद्दीचं दुकान होतं तिथे, 'परिसर साहाय्य व समन्वय केंद्र' उघडलं. दारावर सहा भाषांत 'स्वागत' लिहिलं होतं. दार ढकलायचं की ओढायचं, हे मात्र एकाही भाषेत लिहिलं नव्हतं. (ते सरकवायचं होतं. पहिल्या महिन्यात जे लोक ढकलून-ओढून परत गेले, त्यांची नोंद 'मदतीची गरज नसलेले' अशी करण्यात आली.)

सहा भाषा लागायच्या, कारण वस्तीच तशी होती. कामाच्या शोधात दहा दिशांनी आलेली माणसं जागा मिळेल तिथे शिरली होती, आणि इस्त्रीवालीच्या चार मजली इमारतीत तर मजल्यागणिक बोली बदलायची. एका मजल्यावरचं भांडण दुसऱ्या मजल्याला कळायचं नाही, त्यामुळे एकोपा उत्तम होता. सगळ्यांना समजणारी वाक्यं मोजून चार: 'पाणी आलं', 'पाणी गेलं', 'थांबा' आणि 'येतोय'. शेवटची दोन जिन्यामुळे शिकावी लागली होती.

तो जिना म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या चौदा पायऱ्या. उतरताना डावीकडे भिंत आणि उजवीकडे काहीच नाही. पूर्वी उजवीकडे लोखंडी कठडा होता, पण तो गंजत गेला आणि एके दिवशी कुणाचं तरी कपाट वर चढवताना कपाटासोबत खाली गेला. इमारतीचा मालक कोण, हे तीन भाऊ आणि एक न्यायालय गेली अठरा वर्षं ठरवत होते, त्यामुळे कठडा कुणाकडे मागायचा हा प्रश्न कुणाला पडला नाही. लोकांनी आपली रीत बसवली. वरून निघणाऱ्याने 'येतोय' म्हणून ओरडायचं. खालून कुणी 'थांबा' म्हणालं तर थांबायचं. कुणीच काही बोललं नाही, तर जिना मोकळा आहे असं समजून भिंतीला खांदा घासत उतरायचं. इमारतीतल्या प्रत्येकाच्या सदऱ्याचा एक खांदा त्यामुळे लवकर विरायचा. (इस्त्रीवालीला हे कपड्यांवरून कळायचं.)

धडधाकट माणसाचं यात भागत होतं. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या इस्त्रीवालीच्या सासऱ्यांचं भागत नव्हतं. त्यांना ती मामा म्हणायची, म्हणून सगळी इमारतच मामा म्हणायची. मामा वेल्डर. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या गॅलऱ्यांना, गच्च्यांना, जिन्यांना कठडे लावले. त्या कामाने आणि मागाहून आलेल्या साखरेने मिळून त्यांच्या डोळ्यांचं असं काही केलं, की आता समोर माणूस उभा आहे की दरवाजा, एवढंच कळायचं. साखरेने उजव्या पायाला एक जखमही दिली होती. दर सोमवारी आणि गुरुवारी दवाखान्यात जाऊन ती बांधून घ्यायची, नाहीतर पाय जाईल, असं डॉक्टरने बजावलं होतं. मुलगा ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. म्हणजे आठवड्यातून दोनदा मामांना चौदा पायऱ्या उतरवायचं आणि चढवायचं काम सुनेचं. ती एका हाताने मामांना धरायची आणि दुसऱ्या हाताने भिंतीला. भिंतीला धरायला काही नसतं, तरी धरायची.

तेव्हा एके दिवशी इस्त्री बाजूला ठेवून ती केंद्रात गेली आणि म्हणाली, "ताई, आमच्या जिन्याला कठडा पाहिजे. चौदा पायऱ्यांचा."

नोंदणीच्या टेबलावर निळं जाकीट घातलेली एक ताई होती. तिने हसून संगणकात पाहिलं. केंद्राच्या अकरा सेवा होत्या: पोषण-जाणीव, स्वच्छता-जाणीव, हक्क-जाणीव, आत्मविश्वास, नेतृत्व, ताण-व्यवस्थापन वगैरे. कठडा त्यात नव्हता.

"कठडा ही वस्तू झाली ना, काकू," ताई समजुतीने म्हणाली. "आपण वस्तू देत नाही. क्षमता देतो."

"मग पडायची क्षमता आहे आमच्यात. कठडा द्या."

ताईने हे वाक्य टिपून घेतलं. (ते पुढे केंद्राच्या दिनदर्शिकेत मे महिन्याच्या पानावर आलं, 'पडायची' हा शब्द गाळून.) अर्ज 'ताण-व्यवस्थापन' या सदरात घेतला गेला आणि इस्त्रीवालीला आतल्या खोलीत बसवून पाऊण तास तिच्या मनातल्या उंचीच्या भीतीबद्दल बोलतं करण्यात आलं. तिने तीनदा सांगितलं की बाई, मला भीती नाही वाटत, माझ्या सासऱ्यांना दिसत नाही. समोरच्या बाईने तीनदा मान डोलावली आणि 'लाभार्थी मूळ भीतीपासून पळत आहे' असं लिहिलं. इकडे घरी इस्त्रीच्या कपड्यांची गाठोडी तशीच पडलेली.

केंद्र मात्र अर्ज विसरलं नाही. केंद्रात विसरणं हा प्रकारच नव्हता. तिथे सगळं पुढच्या टप्प्यात जायचं. पुढचा टप्पा होता गरज-सर्वेक्षण. निळ्या जाकिटातली माणसं त्रेसष्ट प्रश्नांची पत्रकं घेऊन घरोघरी फिरली. 'आपल्याला जिना चढताना कोणकोणत्या भावना येतात?' हा प्रश्न चौतिसावा होता. इमारतीतल्या अठ्ठेचाळीस कुटुंबांपैकी शेहेचाळीस कुटुंबांनी कठडा मागितला. एकाने लिफ्ट मागितली (तो नवीन होता). एक घर बंद होतं, ते 'तटस्थ' धरलं. अहवालाचा निष्कर्ष असा निघाला: 'रहिवाशांमध्ये काहीतरी धरून राहण्याची तीव्र आकांक्षा दिसून येते.' अहवालाच्या मुखपृष्ठावर जिन्याचा फोटो होता. फोटो इतका सुरेख आला होता, की जिना पाहायला आणखी दोन संस्था येऊन गेल्या.

त्यानंतर फलक लागला. तिसऱ्या मजल्याच्या तोंडाशी, भिंतीवर, सहा भाषांत: 'कठडा धरूनच चालावे.' खाली कठड्याचं रंगीत चित्र. गुरुवारी उतरताना मामांच्या हाताला तो गुळगुळीत कागद लागला.

"काय लावलंय गं इथं?"

"फलक आहे मामा. कठडा धरून चाला म्हणतात. कठड्याचं चित्र पण आहे."

मामांनी चित्रावरून बोटं फिरवली. "पाइप किती इंची दाखवलाय?"

"दीड वाटतो."

"सव्वा पुरला असता," मामा म्हणाले, आणि भिंतीला खांदा लावून उतरायला लागले.

मग 'जिना-साक्षरता' शिबिर झालं. केंद्र तळमजल्यावर असल्याने तिथे जिना नव्हता. म्हणून फरशीवर खडूने चौदा पायऱ्या आखण्यात आल्या आणि एकतीस रहिवासी त्यांवरून सुखरूप चालत गेले. एकही पडला नाही. सुरक्षितता शंभर टक्के, अशी नोंद झाली. सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली. मामांनाही मिळालं. ते हातात घेऊन जिना चढताना एक हात अडकला, तेव्हा सुनेने ते दातात धरलं.

इथवर वाचून कुणाला वाटेल, केंद्राच्या मनात कठडा द्यायचा नव्हताच. हा केंद्रावर अन्याय होईल. केंद्राच्या समन्वयकबाईंनी स्वतः जाहीर केलं, की त्रिसदस्यीय समितीसह त्या जिन्याची प्रत्यक्ष पाहणी करतील, आणि जिना धोकादायक आढळला तर विशेष बाब म्हणून कठडा मंजूर होईल. बाई तालेवार होत्या, पण शब्दाच्या पक्क्या होत्या. सगळं ठरलं होतं. घोळ घातला तो रहिवाशांनीच.

झालं असं, की पाहणीच्या आदल्या दिवशी तळमजल्यावरचा न्हावी अस्वस्थ झाला. बाई प्रथमच घरी येणार, आणि आपल्या जिन्यावरून घसरल्या तर? तो वर आला आणि त्याने हातवारे करून हा प्रश्न मजल्यामजल्यावर मांडला. पाहुणी आपल्या दारात पडली तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, यावर सहाही भाषांत ताबडतोब एकमत झालं. (सर्वेक्षणाला जे पाच महिने लागले, ते इथे अर्ध्या तासात उरकलं.) पायऱ्या घासून धुतल्या. ओल्या पायऱ्या घसरड्या होतात म्हणून कोरड्या फडक्यांनी पुसल्या. आणि सकाळी सात माणसं एकाआड एक पायरीवर, उघड्या कडेला पाठ करून, हात पुढे करून उभी राहिली. न्हावी पहिला. पाचव्या पायरीवर स्वतः इस्त्रीवाली.

एकटे मामा विरोधात होते. दारात खुर्ची टाकून बसले होते, तिथून ओरडले, "अरे, चढू द्या तिला एकटीला! दोन पायऱ्या चढू द्या फक्त. मग बघा कठडा येतो की नाही ते!"

"मामा, असं कसं म्हणता?" इस्त्रीवाली पायरीवरून म्हणाली. "घरी आलेली बाई. पडली-बिडली म्हणजे?"

"पडणार नाही गं. घाबरेल. तेवढंच पाहिजे आपल्याला."

पण ऐकतो कोण! समन्वयकबाई आल्या. पहिल्या पायरीवर न्हाव्याने त्यांचा हात धरला, तिथून पुढच्याने घेतला, पुढच्याने त्याच्या पुढच्याच्या हातात दिला, आणि भरलेली घागर हातोहात जावी तशा बाई चौदा पायऱ्या चढून वर पोहोचल्या. साधा पदरसुद्धा हलला नाही. वर पोहोचल्यावर त्यांचे डोळे भरून आले. मागोमाग त्रिसदस्यीय समिती आली. तिचेही भरून आले.

अहवाल आठवड्यात आला. 'जिना अत्यंत सुरक्षित आढळला. रहिवाशांनी स्थानिक साधनांतून स्वतःचा उपाय शोधलेला असून, बाहेरून कठडा लादणे हा त्यांच्या आत्मसन्मानावर आघात ठरेल.' या उपायाला 'मानवी कठडा (प्रायोगिक)' असं नाव मिळालं. इस्त्रीवालीने अहवाल न्हाव्याच्या दुकानात ऐकला आणि कपाळावर हात मारून घेतला.  न्हाव्याने त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांना दाढी करताना कानापाशी कापलं.

आता प्रयोग म्हटला की नियम आले. सात जणांना सात निळी जाकिटं मिळाली आणि सकाळी आठ ते दहा अशी पाळी लागली. नियमावली भिंतीवर चिकटवली गेली:

कठड्याने पाळीच्या वेळेत आपापसात बोलू नये.

कठड्याने चढणाऱ्याचा हात धरावा, ओढू नये.

शिंक येत असल्यास शेजारच्या कठड्यास पूर्वसूचना द्यावी.

आजारी कठड्याने बदली कठडा स्वतः आणावा.

(कडेला पाठ करून उभ्या राहणाऱ्या कठड्याला मागे कठडा हवा का, हा मुद्दा एका बैठकीत निघाला होता. तो प्रकल्पाच्या कक्षेबाहेर असल्याचं ठरलं.)

खरं सांगायचं तर काही दिवस बरे गेले. सोमवार-गुरुवार मामा साडेनऊला निघायचे आणि हातोहात उतरायचे. डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण हात ओळखायचे. "हा न्हावी, साबणाचा वास येतोय. ही आपली सूनबाई, हात तापलेला. हा कोण, नवीन? अरे बाबा, इतका घट्ट नको धरूस, मी काही पळून चाललो नाही." इमारत हसायची. पण वर आल्यावर मामा सुनेला म्हणायचे, "पोरी, माणसं चांगली आहेत. पण लोखंडाला सर्दी होत नाही बघ."

आणि सर्दी व्हायची. कुणाला कामावर लवकर जायचं असायचं, कुणाचं मूल तापाने फणफणलेलं असायचं. सातांचे पाच व्हायचे, पाचांचे तीन. न्हाव्याची सकाळची गिऱ्हाइकं तुटायला लागली. इस्त्रीवाली उभी राहून दोन तास घालवायची आणि मग दुपारी जेवणाला फाटा देऊन गाठोडी संपवायची. शेवटी एका रविवारी मामांनीच मनावर घेतलं.

भंगारातले पाइप आले, दोन मोडक्या लोखंडी खाटा आल्या. मामांच्या हाताखाली शिकलेला एक वेल्डर यंत्र घेऊन आला. मामा जिन्याच्या तोंडाशी बसले. प्रत्येक पाइप त्यांच्या हातात द्यायचा, त्यांनी चाचपायचा, अंगठ्याने जागा दाखवायची, मग टाका मारायचा. सांधा गार झाला की पुन्हा बोट फिरवून बघायचे आणि "इथं पोकळ राहिलंय, परत भर" म्हणायचे. चार तासांत चौदा पायऱ्यांचा कठडा उभा राहिला. सव्वा इंची. मामा एकटे उतरले, एकटे चढले, पुन्हा उतरले. तिसऱ्यांदा चढून आले तेव्हा त्यांना धाप लागली होती आणि ते लहान पोरासारखे हसत होते. इस्त्रीवाली रडली. लाजायचं काय त्यात, रडलीच.

कठडा नऊ दिवस टिकला.

तो बेकायदा होता असं कुणी म्हणालं नाही. तो वाईट होता असंही कुणी म्हणालं नाही. अडचण शास्त्रीय होती. मानवी कठडा आणि लोखंडी कठडा एकाच जिन्यावर राहिले तर कुणामुळे किती लोक पडले नाहीत हे सांगता येत नाही, आणि अभ्यास दूषित होतो. शिवाय प्रकल्पाला मोठा पुरस्कार जाहीर झाला होता. बाहेरून पाहुणे येणार होते. त्यांना कठड्यापुढे उभा राहिलेला कठडा दाखवणं बरं दिसलं नसतं. मंगळवारी दुपारी, माणसं कामावर गेलेली असताना, केंद्राची दोन माणसं कटर घेऊन आली. इस्त्रीवाली गाठोडी पोचवायला गेली होती. घरात मामा एकटे. त्यांनी आवाज ऐकला, आणि चाळीस वर्षांच्या कानांना तो जोडण्याचा आहे की कापण्याचा हे लगेच कळलं. दारापाशी येऊन ते खूप बोलले. कुणी ऐकलं नाही. तेव्हा म्हणाले, "निदान मधून तरी कापू नका रे. सांध्यावर कापा. पाइप पुन्हा कामाला येतील."

सगळं काम चाळीस मिनिटांत झालं. केंद्राने वस्तीला दिलेली ही आजवरची सर्वांत जलद सेवा. कठडा 'देणगी स्वरूपात प्राप्त' असा नोंदवून मामांच्या हातात पावती दिली.

इस्त्रीवाली तडक केंद्रात गेली. दार ढकललं, ओढलं, मग आठवलं आणि सरकवलं. "कुणाला विचारून कापलात?" तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "म्हाताऱ्या माणसानं हातानं चाचपून बांधलेला कठडा तुम्ही कापून नेता? लाज नाही वाटत?"

"तुमचा संताप मला पोहोचतोय," समन्वयकबाई म्हणाल्या. त्यांना खरंच पोहोचत होता. त्यांनी तसं प्रशिक्षण घेतलं होतं. "पण पुरस्कारानंतर पक्का कठडा पहिल्या टप्प्यात आहे. माझा शब्द. फक्त गुरुवारचा समारंभ होऊ द्या."

"गुरुवारी मामांचं ड्रेसिंग असतं."

"अहो, त्यांच्यामुळेच तर हा पुरस्कार! दहाला सुरू, बाराला मोकळ्या. सातही जण सकाळी आठपासूनच स्टेजवर लागतील, सरावाला. जाकिटं तेवढी इस्त्री करून आणा हं. आणि तो बॅनर."

पक्का कठडा म्हटल्यावर इस्त्रीवाली विरघळली. आपणही विरघळलो असतो. गुरुवारी पहाटे उठून तिने सात जाकिटं आणि बारा फुटी बॅनर इस्त्री केला. मामांना न्याहारी दिली, धुतलेला सदरा घातला आणि सांगितलं, "मामा, मी बाराला येते. दवाखाना एकपर्यंत उघडा असतो. मी येईपर्यंत हलायचं नाही."

"नाही हलत."

"शपथ?"

"अगं जा. कठड्याने उशीर करू नये, नियम आहे."

प्रमुख पाहुणे साडेअकराला आले. मग स्वागत झालं, मग स्वागताबद्दल आभार झाले. मानवी कठड्याच्या इतिहासावर एक चित्रफीत झाली, त्यात मामांची पाठ दिसत होती. सव्वाबाराला इस्त्रीवाली स्टेजवरून उठायला लागली, तर निळ्या जाकिटातल्या ताईने मागून खांदा दाबला. "काकू, आता प्रात्यक्षिक आहे. तुम्ही पाचवी पायरी."

घरी मामांनी साडेबारापर्यंत वाट पाहिली. पाय ठणकत होता. एकला दवाखाना बंद होणार, मग थेट सोमवार. पाय जाईल म्हणजे काय, हे त्यांना सुनेपेक्षा नीट कळत होतं. आणि पाय गेला तर जन्मभर ओझं कुणाच्या डोक्यावर येईल, तेही कळत होतं. ते जिन्याच्या तोंडाशी आले. रीतीप्रमाणे ओरडले, "येतोय!"

खालून कुणी 'थांबा' म्हणालं नाही. म्हणायला कुणी नव्हतंच; जे कामावर गेले नव्हते, त्यांना टाळ्या वाजवायला समारंभाला नेलं होतं. इमारतीच्या जिन्यावर उभी राहणारी सगळी माणसं पलीकडे, समारंभाच्या सभागृहात, सपाट स्टेजवर एका रांगेत हात पुढे करून उभी होती आणि प्रमुख पाहुणे एकेक हात धरत त्यांच्यासमोरून चालत होते. तिथे पडायला जागाच नव्हती. टाळ्यांचा कडकडाट झाला. मामा आठ पायऱ्या भिंतीने नीट उतरले. नवव्या पायरीवर जखमेचा पाय दुखावला, तोल गेला आणि त्यांनी उजवा हात पुढे केला.

खुबा मोडला. खालच्या जिन्यावर ते तासभर पडून होते. कुणी नव्हतंच. इस्त्रीवाली हातात मानचिन्ह घेऊन पायऱ्या चढत आली, तेव्हा तिला ते दिसले. शुद्धीवर होते. "हललो गं," एवढंच म्हणाले.

डॉक्टरांनी सांगितलं, आता जिना विसरा. दवाखान्यातून मामांना लेकीकडे नेलं. तिची खोली तळमजल्यावर, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला. पंधरा दिवसांनी केंद्राचं पत्र आलं. 'संबंधित लाभार्थ्याचा जिन्याशी संबंध संपुष्टात आल्याने त्याच्या गरजेचे पूर्णतः निवारण झाले आहे. प्रकरण यशस्वीरीत्या बंद करण्यात येत आहे.' पहिल्या टप्प्यातला पक्का कठडाही त्यामुळे रद्द झाला, कारण तो मूळ अर्जदाराच्या गरजेशी जोडलेला होता.

इस्त्रीवाली शेवटची केंद्रात गेली ती आपलं लोखंड मागायला. ते समोरच होतं. स्वागतकक्षात, तांबड्या दोरीच्या आत, मामांच्या कठड्याचे चार तुकडे मांडले होते. खाली पाटी: 'प्रकल्पपूर्व काळातील पारंपरिक कठडा. कृपया हात लावू नये.' तिने दोरी ओलांडून हात लावला. कापताना सांध्यावर कापलं नव्हतं.

"देणगी परत घेण्याचा अर्ज असतो काकू," नोंदणीताई हळूच म्हणाली. तिलाही वाईट वाटत होतं. "आणि बाई विचारत होत्या, तुमचा अनुभव सांगाल का? पुस्तिकेसाठी. लोकांच्या काळजाला हात घालणारं काहीतरी पाहिजे आहे."

"लिहा काय लिहायचं ते," इस्त्रीवाली म्हणाली. "वाचून कोण उठणार आहे?" आणि सरकवायचं दार सताड उघडं टाकून निघून गेली.

तेव्हा तिच्याशिवायच लिहावं लागलं. तुम्ही वाचलंत, उपकार झाले. अधूनमधून हसलात. मामा पडले तिथे तुम्हाला चुकचुकल्यासारखं झालं, आणि समन्वयकबाईंचा मनापासून राग आला. आपण तसे नाही, हे जाणवून थोडं बरंही वाटलं. पुस्तिकेचा उद्देश तोच होता. प्रकल्पाच्या अंतिम तक्त्यात कठडा मागणारी शेहेचाळीस कुटुंबं आहेत आणि त्यांच्यापुढे शून्य आहे. त्याखालच्या ओळीत 'प्रत्यक्ष लाभार्थी' म्हणून वाचकांचा आकडा आहे, आणि आता तो तुमच्यामुळे एकाने वाढला. अर्ज नाही, रांग नाही, जिना नाही. जे पाहिजे होतं ते बसल्या जागी मिळालं. मूळ अर्जदार बाई अजून त्याच चौदा पायऱ्यांवरून दोन्ही हातांत गाठोडं घेऊन उतरते. पण तुमचं प्रकरण यशस्वीरीत्या बंद झालं आहे.